आधी विचारा, मग टॉर्च लावा
घरोघरी आरोग्य : भाग ६

कानदुखीनंतर आज घसादुखी.

दिवाळीनंतर रोहणा गावात कापसाची वेचणी जोरात असते. पहाटे गारठा, दुपारी ऊन, आणि लेकरांचे घसे धरायला लागतात. आई मोबाइलचा टॉर्च लावून बघते, आत दोन लाल गाठी दिसतात, ‘टॉन्सिल वाढले’ असं ठरतं आणि आर्वीला जाणाऱ्या कोणाकडे तरी मेडिकलची चिठ्ठी जाते.

पण पडजिभेच्या दोन्ही अंगांना या गाठी सगळ्यांनाच असतात. साधारण चार ते सात वर्षांच्या वयात त्या निरोगी मुलातही टपोऱ्याच दिसतात. लाली तर साध्या सर्दीतही येते. म्हणून घशात डोकावण्याआधी दोन गोष्टी विचारा: खोकला आहे का? नाक वाहतंय का? दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल, आवाजही बसला असेल, तर बहुधा हा विषाणूचा प्रताप. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, भरपूर पाणी आणि वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल एवढ्यावर आठवडाभरात घसा सुटतो. मुलांना अ‍ॅस्पिरिन मात्र देऊ नका.

मुलांच्या घसादुखीत साधारण पाचातल्या एकीमागे स्ट्रेप्टोकॉकस हा जीवाणू असतो, मोठ्यांमध्ये त्याहून कमी. तो ओळखायला अमेरिकेत रॉबर्ट सेंटर यांनी 1981 मध्ये चार खुणा मांडल्या, डॉक्टर आजही त्याच तपासतात: 38 अंश सेल्सिअसच्या वर ताप, खोकल्याचा अभाव, टॉन्सिलवर पांढरे ठिपके किंवा सूज आणि जबड्याखाली, मानेच्या पुढच्या बाजूला दाबल्यावर दुखणाऱ्या गाठी. प्रत्येक खुणेला एक गुण. वय 3 ते 14 असेल तर एक वाढवायचा, 45 च्या पुढे एक वजा करायचा. एक किंवा कमी गुण असतील, तर अँटिबायोटिक नको. दोन-तीन झाले तर शक्य असेल तिथे घशाच्या स्वॅबची तपासणी करावी. मोठ्या माणसात चारही खुणा जुळल्या तरी जीवाणू सापडतो तो निम्म्याच्या आसपास रुग्णांत. त्यामुळे पांढरा ठिपका दिसला म्हणून स्वतःच निकाल लावू नका.

हा जीवाणू धरायचा कशासाठी? घसा बरा झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी काही मुलांचे सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. यालाच संधिवाताचा ताप म्हणतात. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झालं तर तो टळतो. डॉक्टरांनी पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या दिल्या तर त्या बहुधा दहा दिवसांच्या असतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवू नका.

काही खुणा दिसल्या, तर गुण मोजत बसायचं नाही. तोंड उघडेना, एकाच बाजूला जबर दुखतंय आणि तोंडात गरम घास असल्यासारखं बोलणं येतंय, तर टॉन्सिलशेजारी पू झालेला असू शकतो. लाळ गिळवत नाही, श्वासाला घरघर आहे, मूल पुढे वाकून बसलंय, अशा वेळी चमचा घालून घसा बघण्याचा हट्ट धरू नका. घशात राखाडी, चिकटलेला पापुद्रा आणि सुजलेली मान म्हणजे घटसर्पाची शंका. यातलं काहीही दिसलं की आर्वीचं उपजिल्हा रुग्णालय किंवा सेवाग्राम गाठायचं, गाडीसाठी 108 ला फोन करायचा. घटसर्पाची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात देतात, पुढे दीड वर्षाच्या सुमारास आणि पाच-सहा वर्षांचं असताना बूस्टर. लेकराचं कार्ड काढून आशाताईंना दाखवा.

एक काम आजपासून करा. मुलाचा घसा धरला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख लिहा, ताप किती होता तेही लिहा. टॉन्सिलचं ऑपरेशन करायचं की नाही, हे पुढच्या आठवड्यात बघू. तो निर्णय याच नोंदींवर ठरतो.