पुठ्ठ्याचीं खोकीं व त्यांचे घरगुती उपयोग

पूर्वीं खेड्यांतील घरांत पुठ्ठ्याचें खोकें क्वचितच येत असे, व आलेंच तर तें माळ्यावर जपून ठेविलें जाई. आतां साबण, तेल, औषधें, ठिबकचे सुटे भाग, मुलांचीं पुस्तकें, सर्व कांहीं पुठ्ठ्यांत बसून दाराशीं येतें. माल घरांत जातो, खोकें अंगणांत पडतें, आणि बहुधा संध्याकाळच्या आगटींत जातें. ज्या घरीं हें घडतें, त्याच घराच्या गोठ्यांतून पुष्कळदां गोमूत्राचा ओघळ गटारास लागलेला असतो. या दोन नासाड्या निरनिराळ्या नव्हेत. एकीस जें पाहिजे तें दुसरीपाशीं आहे, व त्यांची गांठ घालून देणें हा या लेखाचा मुख्य हेतु आहे.

खोक्याचा पुठ्ठा म्हणजे दोन सपाट कागदांमध्यें एक नागमोडी कागद खळीनें चिकटवून केलेला थर होय. असा नागमोडी कागद इंग्लंडांत १८५६ सालीं टोप्यांच्या अस्तरासाठीं निघाला. १८७१ सालीं न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स यानें तो बाटल्या व कंदिलांच्या चिमण्या गुंडाळण्याकरितां योजिला, आणि पुढें त्याचीं खोकीं होऊं लागलीं. कागदाचा लगदा लांकडाचा, उसाच्या चिपाडाचा किंवा जुन्या रद्दीचा असतो. म्हणजे जें जमिनींतून वर आलें तेंच हें; जमिनीस परत देण्यास हरकत नाहीं.

परंतु परत देण्यापूर्वीं निवड केली पाहिजे. चिकटपट्टी सोलून काढावी. तारेचे टांचे एकूणएक उपटून डब्यांत जमा करावे. यांत आळस करूं नये. गाय चारा चावून निवडीत नाहीं, गिळते. गिळलेली तार तिच्या जाळीदार पोटांत अडकते व तेथून पुढें रुतत काळजाच्या आवरणापर्यंत जाऊं शकते. मग जनावर चारा सोडतें, कण्हतें, कोपर बाहेर काढून उभें राहतें, आणि दावणीची दुभती गाय दोन पैशांच्या तारेपायीं हातची जाते. चकचकीत खोक्यांवर प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. तुकडा रात्रभर पाण्यांत ठेवून सकाळीं हातानें फाडला म्हणजे पापुद्रा वेगळा निघतो. तसलें खोकें खतास घेऊं नये. कीटकनाशकांचीं व तणनाशकांचीं खोकीं तर पुढें सांगितलेल्या कोणत्याच कामीं घेऊं नयेत.

आतां गोठ्याकडे वळूं. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ या काळांत इंदूर येथें कंपोस्ट खताची जी पद्धत बसविली, आणि यशवंत वाड यांच्यासह १९३१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली, तिचें मर्म आमच्या मतें खड्ड्यांत नसून गोठ्यांत आहे. कपाशीच्या व तुरीच्या पळाट्यांसारखे टणक पदार्थ ते प्रथम गाडीवाटेवर पसरून चाकांखालीं चुरीत, मग बैलांखालीं अंथरीत, आणि मूत्रानें भिजल्यावरच ढिगांत नेत. पुठ्ठ्यास हीच रीत अगदीं बरोबर लागू पडते. कारण पुठ्ठ्यांत नत्राच्या १ भागास कर्बाचे ३०० हून अधिक भाग असतात. शेणांत हें प्रमाण २० ते २५ पर्यंत असतें, आणि चांगला ढीग लागण्यास तें आरंभीं सुमारें ३० असावें. कोरडा पुठ्ठा तसाच रानांत गाडला तर त्यास कुजविणारे सूक्ष्म जंतु आपलें नत्र जमिनींतून ओढतात, व उभें पीक पिवळें पडतें. मग शेतकरी पुठ्ठ्यास दोष देतो! गोमूत्रांत नत्र भरपूर असतें, व तेंच आपण गटारांत सोडतों.

म्हणून पुठ्ठ्याच्या दोन बोटें रुंद पट्ट्या कोयत्यानें तोडाव्या. संध्याकाळीं जनावरांच्या मागील पायांखालीं, जेथें मूत्र सांचतें तेथें, त्या पसराव्या व वर थोडें पाचट किंवा भुसकट टाकावें. एका जनावरास एक लहान पाटी पुरे. सकाळीं भिजलेलें सर्व उचलावें. ओल्या अंथरुणावर गाय दुसरे रात्रीं बसूं देऊं नये, नाहींतर कासेला दाह होतो. वासरांस पुठ्ठा चघळण्याची खोड असेल तर त्यांच्या खालीं तो घालूंच नये. उचललेला माल शेण व हिरवा पाला यांच्यासह थरांनीं ढिगांत घालावा. एक पाटी पुठ्ठ्यास दोन पाट्या शेण आम्हांस योग्य वाटतें. ओल इतकी असावी कीं मूठ दाबली असतां बोटें ओलीं व्हावीं, पण पाणी गळूं नये. इंदुरास ढीग तीन वेळां उलथून तीन महिन्यांत खत तयार होई. आपल्याकडे थंडीच्या दिवसांत महिनाभर अधिक धरावा.

ज्यांच्या घरीं जनावर उरलें नाहीं, आणि अशीं घरें आतां थोडीं नाहींत, त्यांनीं परसांतील झाडांखालीं आच्छादन करावें. हस्त उलटून गेल्यावर, जमिनींत ओल आहे तोंच, तण कापून पुठ्ठे अंथरावे. एकाचा कांठ दुसऱ्यावर वीतभर चढवावा, पाण्यानें चिंब करावे, आणि वर चार बोटें पालापाचोळा घालावा, म्हणजे वारा उचलणार नाहीं. बुंध्याभोंवतीं वीतभर जागा मोकळी असावी. साधें तण उजेडाअभावीं मरतें. लव्हाळा मात्र भिजलेला पुठ्ठा फोडून वर येतो, आणि हरळी कांठांवरून सरपटत आंत शिरते, तेव्हां या दोघांसाठीं खुरपें ठेवावेंच लागतें. भर पावसाळ्यांत काळ्या, निचरा नसलेल्या जमिनींत हें करूं नये. मुळांचा श्वास कोंडतो. आणि जेथें वाळवीचा उपद्रव आहे तेथें नव्या रोपांजवळ किंवा घराच्या भिंतीलगत पुठ्ठा मुळींच पसरूं नये. वाळवीस याहून आवडतें पक्वान्न नाहीं.

कोंबड्यांचीं पिल्लें आणणारांस पुठ्ठ्याचा एक उत्तम उपयोग आहे. दीड फूट उंचीच्या पट्ट्या एकमेकींस जोडून दिव्याच्या उबेभोंवतीं गोल कडें करावें. गोलच कां? कोपरा सांपडला कीं थंडीनें किंवा भीतीनें पिल्लें त्यांत एकावर एक चढतात, व खालचीं गुदमरून मरतात. पहिल्या आठवड्यांत पिल्लांच्या उंचीवर ९५ अंश फॅरनहाइट ऊब ठेवावी, मग दर आठवड्यास ५ अंश कमी करावी. पिल्लें दिव्याखालीं गोळा झालीं तर ऊब कमी, कड्यास चिकटलीं तर जास्त, सर्वत्र पसरलीं तर ठीक. आठदहा दिवसांनीं कडें काढावें व तोच पुठ्ठा ढिगांत घालावा.

स्वयंपाकघरांत थोरलें खोकें इंधन वांचवितें. तळाशीं व चहूं बाजूंस किमान चार इंच कोरडें गवत किंवा भाताचा पेंढा दाबून मधें भांड्याची जागा करावी, आणि वर पेंढ्यानें भरलेली उशी असावी. डाळ चुलीवर दहा-पंधरा मिनिटें खळखळ उकळून भांडें झांकणासह आंत ठेवून दडपलें म्हणजे दीडदोन तासांत आपोआप शिजते. मधून उघडून पाहण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण तेवढ्यानेंच सारी ऊब निघून जाते. वाढण्यापूर्वीं एक उकळी द्यावी.

एका गोष्टीस मात्र आमची साफ नापसंती आहे. पुष्कळ घरांत खरेदीखतें, सातबाराचे उतारे व पीककर्जाचे कागद जुन्या खोक्यांत घालून कोनाड्यांत ठेवितात. दप्तरखान्यांत आमची हयात गेली, म्हणून सांगतों: पुठ्ठ्यांतील खळीवर कसर लागते, आणि खळ संपली कीं ती कागदाकडे वळते. हद्दीच्या वादांत कसरीनें खाल्लेला नकाशा कोणत्याच कचेरींत उपयोगी पडत नाहीं. असे कागद पत्र्याच्या पेटींत, कोरड्या रुमालांत बांधून, भिंतीपासून दूर ठेवावे व वर्षांतून एकदां, मृगापूर्वीं, उन्हाच्या सावलींत उलगडून पहावे.

एवढें करूनही खोकीं उरलीं, तर तीं कोरडीं व सपाट करून रद्दीवाल्यास द्यावीं; भिजलेला पुठ्ठा तो घेत नाहीं, घेतला तर भाव पाडून घेतो.