एटनाच्या उतारावर

सिसिली बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील एटना पर्वत सुमारें ११,००० फूट उंच आहे. माथ्यावर हिवाळ्यांत हिम, उदरांत अग्नि, आणि उतारांवर संत्र्याद्राक्षांचे मळे! जो लाव्हारस शेतें जाळतो, त्याचीच शतकानुशतकें झीज होऊन तेथील सुपीक माती बनते. आपल्या देशावरील काळी जमीनहि अशाच रसाची. पण तिचा अग्नि केव्हांच विझला.

१६६९ सालीं हा रस कातानिया शहरावर चालून आला. तेव्हां कांहीं नागरिकांनीं ओलीं कातडीं पांघरून लोखंडी पहारींनीं प्रवाहाची थिजलेली कड फोडली. ओघ वळला, परंतु पातेर्नो गांवाच्या रोखानें! तेथील लोक सशस्त्र धांवून आले व त्यांनीं तें काम बंद पाडलें. त्यांना दोष द्यावयास आमचें मन धजत नाहीं. फोडलेली कड पुन्हां थिजली, आणि रस तट ओलांडून कातानियाच्या पश्चिम भागांत शिरला.