चार टेबलं लावली म्हणून जोखीम वाटली जात नाही

‘एकाच टेबलावर बसू नकोस, चार टेबलं लाव, रिस्क वाटली जाते.’ ऑनलाइन पोकर खेळणारा मित्र नवख्याला असा सल्ला हमखास देतो, मग तो पुण्यात असो की शहाद्यात. ऐकायला शहाणपणाचा वाटतो. त्यात थोडं खरं आहे, आणि उरलेल्या खोट्यापायी माणसं कर्जात जातात.

खरं एवढंच, की आहे त्याच रकमेचे चार भाग करून कमी दराच्या चार टेबलांवर बसलात, तर एका डावात जाऊ शकणारी रक्कम घटते. प्रत्यक्षात तसं क्वचितच होतं. हजार रुपयांच्या बाय-इनचं (टेबलावर बसताना आणायची रक्कम) एक टेबल चालू असतं आणि त्याच्या शेजारी त्याच दराची आणखी तीन उघडली जातात. हजाराऐवजी चार हजार लागले. एका टेबलावर तासाला पंचाहत्तरेक डाव होतात असं धरलं, तर चार टेबलांवर तीनशे. तेवढ्याच वेळात चौपट डाव झाले आणि तासाभरातला चढउतार दुप्पट झाला. चांगल्या खेळाडूची कमाई लवकर दिसते, तसंच कच्च्या खेळाडूचं नुकसानही चौपट वेगाने होतं.

‘ज्याला खेळ येतो तो महिन्याअखेरीस फायद्यातच असतो,’ हा दुसरा समज. इथे आकडे मांडूनच बघायला हवं. हजाराचं बाय-इन म्हणजे पाच-दहाच्या टेबलावर शंभर बिग ब्लाइंड, म्हणजे डावाआधी सक्तीने लावायच्या दहा रुपयांच्या शंभर पट. समजा, खेळाडू खरोखर चांगला आहे आणि दर शंभर डावांमागे सरासरी पन्नास रुपये कमावतो. पण सहा जणांच्या नो-लिमिट टेबलावर त्याच शंभर डावांतला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, नऊशे रुपयांच्या आसपास असतं. दहा हजार डावांनंतर त्याची अपेक्षित कमाई पाच हजार, आणि विचलन नऊ हजार. असे शंभर चांगले खेळाडू घेतले तर दहा हजार डावांअखेर त्यातले सुमारे 29 तोट्यातच असतील. त्यांच्या खेळात काहीही चूक नसताना! एक्क्यांची जोडीसुद्धा राजांच्या जोडीपुढे साधारण पाचात एकदा हरते. याचसाठी बँकरोल, म्हणजे फक्त खेळासाठी बाजूला ठेवलेला पैसा, लागतो. वाईट काळात खेळाडू बाहेर फेकला जाऊ नये, एवढंच त्याचं काम.

‘वीस बाय-इन ठेवले की पुरे,’ असं मग सांगितलं जातं. आपल्या खेळाडूकडे वीस हजार आहेत आणि तो एकाच टेबलावर लक्ष देऊन खेळतो, तर कधी ना कधी सगळे पैसे संपण्याची शक्यता साडेआठ टक्क्यांच्या जवळपास येते. आता त्याने चार टेबलं लावली. समोरच्याने मागच्या फेरीत किती लावले, तो बहुतेक वेळा थापा मारतो की पक्की पानं असतानाच बोली वाढवतो, हे टिपायला वेळ उरत नाही. निर्णयाची वेळ संपत आलेली असते आणि दुसऱ्या टेबलाची खिडकी पुढे येते. शंभर डावांमागची पन्नास रुपयांची कमाई वीसवर आली असं धरा. त्याच वीस हजारांवर दिवाळं निघण्याची शक्यता आता सुमारे 37 टक्के होते. ती पुन्हा साडेआठवर आणायला पन्नास हजार लागतील. टेबलं वाढवली की बँकरोलही वाढवावा लागतो, तो का, याचं उत्तर या हिशेबात आहे. सल्ला देणारे नेमकं हेच सांगत नाहीत.

आणि कमाई शून्य किंवा उणे असेल तर? मग पाच लाखांचा बँकरोलही संपतोच, फक्त उशिरा. पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या रकमेतून, कंपनी आपला रेक (कमिशन) कापून घेते, त्यामुळे टेबलावरच्या सगळ्यांचा मिळून हिशेब नेहमी तोट्याचाच असतो. पैशांची शिस्त कमाई निर्माण करत नाही.

नंदुरबार जिल्ह्यासाठी मला यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. बँकरोल म्हणजे गेला तरी घराचं काहीच अडणार नाही असा पैसा. इथे पैसा महिन्याच्या पगारासारखा येत नाही, हंगामाला एकदम येतो. मिरची विकली, कापूस विकला, ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतली, की खात्यात एकदम मोठा आकडा दिसतो. तो बँकरोल नव्हे. त्यात पुढच्या पेरणीचं बियाणं आहे, मुलीच्या वसतिगृहाचा खर्च आहे, आणि उचल तर अजून न केलेल्या कामाची मजुरी आहे, ती फेडायची आहे.

करातही अशीच गफलत होते. ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 2023-24 या आर्थिक वर्षापासून सरसकट 30 टक्के कर आहे आणि तोटा पुढच्या वर्षी ओढता येत नाही. एका वर्षी लाख गमावले, दुसऱ्या वर्षी लाख जिंकले, तर माणूस बरोबरीत सुटत नाही. अधिभार सोडूनही तीस हजारांनी खाली जातो. पोकर शिकवणाऱ्या परदेशी तक्त्यांत हा खड्डा दाखवलेला नसतो.

‘पोकर कौशल्याचा खेळ आहे, म्हणून कायदेशीर आहे,’ हे वाक्य आता जुनं झालं. याच जिल्ह्यातल्या नवापूर रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातमध्ये आहे. 2017 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पोकरला जुगार ठरवलं, आणि त्याच फलाटाच्या महाराष्ट्राकडच्या भागात पोकरची ॲप चालत राहिली. हा फरक संसदेने पुसून टाकला. ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन कायद्याला 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, त्याच्या बंदीत येतो. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोकरबाजीसारख्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले आणि कायद्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाकडे गेल्या.

खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे खरं. पण त्याचा अर्थ त्याचे पैसे सुरक्षित आहेत असा होत नाही. आज पैसे घेणारी जी परदेशी संकेतस्थळं सापडतात, त्यांवर पैसे अनेकदा कुणा अनोळखी व्यक्तीच्या यूपीआयवर भरायला सांगतात. ते खातं सायबर फसवणुकीच्या तपासात अडकलं, तर तुमचंही खातं गोठू शकतं. जिंकलेली रक्कम दिली नाही, तर दाद मागायची कुणाकडे?

ज्यांना पोकरचं गणित आवडतं त्यांनी बिनपैशांच्या चिप्सवर खुशाल खेळावं; शक्यता, संयम, पानांचा अंदाज, सगळं तिथेही शिकता येतं. पैशांची फसवणूक झाली असेल तर लगेच 1930 वर तक्रार नोंदवा. आणि घरात कुणी हरलेलं परत मिळवण्यासाठी रात्र-रात्र जागून टेबलं लावत असेल, तर त्याला रागावण्याआधी 14416 या ‘टेली-मानस’ क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.