उतारा सुटला, पण कळला का?

दहावीच्या इंग्रजी पेपरमधला 'अनसीन' उतारा अनेकांना हुकमी गुणांचा वाटतो. उत्तरं समोर छापलेलीच असतात, ती शोधून उतरवायची एवढंच काम. पण मराठी माध्यमातली हीच मुलं अकरावीला विज्ञान शाखेत जातात, इंग्रजी पाठ्यपुस्तकाचं एक पान दोनदा वाचतात आणि तरी हाती काही लागत नाही. त्यांनी उतारा सोडवण्याचा सराव केलेला असतो, वाचण्याचा नाही. शाळेत, घरात आणि क्लासमध्ये पक्के रुजलेले काही गैरसमज याला कारणीभूत आहेत.

गैरसमज १ : न अडखळता वाचता आलं म्हणजे समजलं.

वस्तुस्थिती : 'असर' या शैक्षणिक अहवालासाठी २०२३ मध्ये झालेल्या पाहणीत २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांमधली १४ ते १८ वर्षांची मुलं तपासली होती. महाराष्ट्रातून एक जिल्हा होता. एकूण ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्यं वाचता आली आणि त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांना त्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे वाचू शकणाऱ्या दर चौघांमागे एकाजवळ फक्त उच्चार होता, अर्थ नव्हता. आणि ही वाक्यं अगदी साधी, रोजच्या बोलण्यातली होती.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक सूत्र मांडलं : आकलन म्हणजे छापील शब्द ओळखण्याचं कौशल्य गुणिले भाषेची समज. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच येतं. मूल नेमकं कुठे अडतं ते यावरून तपासता येतं. उतारा आपण मोठ्याने वाचून दाखवावा. ऐकून कळला पण वाचून कळत नसेल, तर स्पेलिंग आणि शब्दओळखीवर मेहनत घ्यावी. ऐकूनही कळत नसेल, तर भाषाच कमी पडते आहे. अशा मुलाकडून प्रकटवाचन कितीही करून घेतलं तरी ती उणीव भरून निघणार नाही.

गैरसमज २ : प्रश्नातले शब्द उताऱ्यात सापडले की उत्तर सापडलं.

वस्तुस्थिती : हे वाक्य वाचा : 'खिरमा लोटक्या झुबराच्या पाटगीत टिरकला.' आता सांगा, लोटक्या कुठे टिरकला? झुबराच्या पाटगीत. तो कसा होता? खिरमा. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत आणि कळलं मात्र काहीच नाही, कारण या वाक्याला अर्थच नाही. गाईडमधले कित्येक प्रश्न असेच सुटतात.

मंडळाची कृतिपत्रिका इतक्यावर थांबत नाही. उताऱ्यावर माहिती शोधण्याची सोपी कृती असते. त्यापुढे विखुरलेली माहिती जोडून कारण, परिणाम किंवा क्रम लावण्याची कृती येते. मग शब्दसंपदा, व्याकरण आणि शेवटी स्वतःचं मत. पाठ्यपुस्तकाबाहेरच्या उताऱ्याचा सारांशही लिहावा लागतो. शब्द जुळवण्याची युक्ती पहिल्या कृतीपुरती चालते. सारांशाला ती निरुपयोगी ठरते, कारण काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे कळल्याशिवाय ठरवता येत नाही.

गैरसमज ३ : अडलेला प्रत्येक शब्द शब्दकोशात पाहिलाच पाहिजे. (याचंच उलटं टोक : शब्द नाही आले तरी संदर्भाने अर्थ लागतोच.)

वस्तुस्थिती : मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार मदतीशिवाय मजकूर नीट कळायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. शंभर शब्दांत दोन अनोळखी असतील तर त्यांचा अंदाज बांधता येतो. वीस अनोळखी असतील तर अंदाज कशाच्या आधारावर बांधणार? त्या अभ्यासात ऐंशी टक्केच शब्द माहीत असताना एकालाही पुरेसं आकलन झालं नव्हतं.

शिवाय मुलं लांबलचक नामांच्या मागे धावतात आणि अर्थ फिरवणाऱ्या छोट्या शब्दांकडे त्यांचं लक्षच जात नाही. 'हार्डली', 'अनलेस', 'ऑल्दो', 'येट', 'इन्स्टेड' हे ते शब्द. 'ही हार्डली स्टडीड' याचा अर्थ 'त्याने खूप अभ्यास केला' असा लावला की पुढचा सगळा परिच्छेद उलटा होतो. या शब्दांची यादी फार मोठी नाही. वहीच्या मागच्या पानावर ती करावी आणि प्रत्येक शब्दापुढे आपलं एक वाक्य लिहावं.

गैरसमज ४ : मजकूर जितका अवघड, तितका सराव पक्का.

वस्तुस्थिती : मजकूर किती अवघड असावा, या प्रश्नाचं उत्तर आपल्या उपखंडातच शोधलं गेलं होतं. १९२० च्या दशकात मायकल वेस्ट ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुलं इंग्रजी वाचनात का मागे पडतात याचा शोध घेताना त्यांना दिसलं, की या मुलांच्या पुस्तकांत अनोळखी शब्दांची गर्दी आहे आणि त्यांतले बरेचसे क्वचितच वापरात येणारे आहेत. मग त्यांनी नेहमीचे, मोजके शब्द वापरून आणि नवे शब्द विरळ पेरून वाचनमाला तयार केल्या. आज दुकानात पायऱ्यापायऱ्यांनी लावलेली इंग्रजी गोष्टींची पुस्तकं दिसतात, त्यांची परंपरा या कामाशी जोडलेली आहे.

पुढे फिजीच्या ग्रामीण शाळांत वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी चौथी-पाचवीच्या वर्गांना रंजक इंग्रजी गोष्टींची सुमारे अडीचशे पुस्तकं पुरवली आणि रोज थोडा वेळ ती वाचायला दिली. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या मुलांची वाचनातली प्रगती नेहमीच्या जवळजवळ दुप्पट गतीने झाली.

म्हणून आठवी-नववीच्या मुलाने पाचवीच्या पातळीचं इंग्रजी पुस्तक वाचलं तर त्यात कमीपणा नाही. पानात पाचापेक्षा जास्त शब्द अडले तर पुस्तक बदलावं, असा ढोबळ नियम पुरे. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर पातळीनुसार लावलेल्या गोष्टी विनामूल्य मिळतात, मराठीतूनही आणि इंग्रजीतूनही.

गैरसमज ५ : मराठी आड येते, म्हणून मराठी वाचन बंद करा.

वस्तुस्थिती : मुख्य मुद्दा पकडणं, न सांगितलेलं ताडणं, लेखकाचा हेतू ओळखणं ही कौशल्यं एका भाषेत कमावली की दुसरीत उपयोगी पडतात. जिम कमिन्स यांनी दोन भाषांमधला हा दुवा १९७९ पासून मांडला आहे. विषयाच्या माहितीलाही तितकंच वजन आहे. डॉना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळाची जाणकार असलेली मुलं, वाचनात पक्क्या पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. विषयाची माहिती मराठी वर्तमानपत्रातूनही मिळते. पाणीटंचाईवर मराठीत चार लेख वाचलेल्या मुलाला त्याच विषयावरचा इंग्रजी उतारा परका वाटत नाही.

मराठी अडचणीची ठरते ती शब्दाला शब्द लावत गेलं तर. 'द फार्मर हू सोल्ड द काऊ टू द टीचर वेन्ट टू पुणे.' पुण्याला कोण गेलं? 'टीचर' आणि 'वेन्ट' शेजारी दिसतात, म्हणून घाईत 'टीचर' असं उत्तर येतं. गेला शेतकरी. मराठीत 'ज्याने… तो' अशी जोडी आपल्याला सावध करते. इंग्रजीत ते वर्णन कर्ता आणि मुख्य क्रियापद यांच्या मधोमध घुसतं. लांब वाक्यात मुख्य क्रियापद आधी शोधावं आणि मग 'कोण?' असं विचारावं.

गैरसमज ६ : मनातल्या मनात उच्चारू नका, झपाझप वाचा.

वस्तुस्थिती : कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये वेगवाचनाच्या दाव्यांची छाननी केली. वेग फार वाढवला की आकलन घटतं आणि मनातला उच्चार समजायला मदतच करतो, असं त्यांनी दाखवलं. सरावलेल्या प्रौढ वाचकाचासुद्धा इंग्रजी माहितीपर मजकूर मूकवाचनाने वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द आहे. मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून हा आकडा काढला. इंग्रजी तिसरी भाषा असलेल्या मुलाने त्याहून सावकाश वाचलं तर बिघडत नाही. शब्द ओळखीचे झाले की वेग आपोआप वाढतो.

गैरसमज ७ : रंगीत पेनाने खुणा आणि पुन्हा पुन्हा वाचन म्हणजे सराव.

वस्तुस्थिती : जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती पारखल्या. खुणा करणं आणि फेरवाचन यांची उपयुक्तता कमी ठरली. स्वतःची परीक्षा घेणं आणि सराव दिवसांवर विभागणं या दोन पद्धती सगळ्यांत उपयुक्त ठरल्या. उताऱ्याच्या बाबतीत याचा अर्थ सोपा आहे. वाचा, पुस्तक मिटा, काय कळलं ते तीन वाक्यांत सांगा. सुरुवातीला मराठीत सांगितलं तरी चालेल, नंतर इंग्रजीत लिहा. मग पुस्तक उघडून काय सुटलं ते पाहा. उत्तर चुकलं तर फक्त बरोबर उत्तर उतरवू नका. उताऱ्यातल्या कोणत्या शब्दाने फसवलं ते लिहून ठेवा.

पालकांनी आणि शिक्षकांनी आठवड्याचा वेळ दोन भागांत वाटावा : रोज वीस मिनिटं सोपं, आवडीचं इंग्रजी वाचन, तेही प्रश्नांविना, आणि आठवड्यातून दोनदा एकच उतारा बारकाईने. सराव प्रश्नपत्रिका परीक्षेआधीच्या दोन महिन्यांत सोडवाव्यात. त्या वाचनाची पातळी दाखवतात, वाढवत नाहीत.