हत्याकांडानंतर त्या घराचे काय होते?

29 सप्टेंबर 2006. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातले खैरलांजी. जातीयवादी जमावाने भोतमांगे कुटुंबाचे घर गाठले आणि सुरेखाताई, प्रियंका, रोशन व सुधीर यांची निर्घृण हत्या केली. पाचांच्या घरात एकटे भैयालाल उरले. ते गाव सोडून भंडाऱ्यात राहिले आणि 20 जानेवारी 2017 रोजी त्यांचे निधन झाले. खटल्यावर आपण खूप बोललो. मागे राहिलेल्या घरावर मात्र फार कमी बोललो.

अशा घराचा पोलीस आधी घटनास्थळ पंचनामा करतात आणि पुरावे गोळा करतात. तपासापुरते घर त्यांच्या ताब्यात राहू शकते, पण मालकी बदलत नाही. गाव सोडले तरी घर आणि शेत पीडिताचेच असते. धोका पुढे असतो. पडके घर पाहून कुणी कुंपण सरकवतो, कुणी गुरे बांधतो. 12 वर्षे उघड आणि अखंड कब्जा राहिला, तर मुदत कायद्याच्या आधारे तो मालकी सांगू शकतो. म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना 8, शेताचा सातबारा आणि घरपट्टीच्या पावत्या जपा. मालकाच्या पश्चात वारस नोंद करून घ्या. अतिक्रमण दिसताच लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तक्रारीने कब्जा हटला नाही, तर मुदतीत दावा दाखल करा.

दुसरा हक्क पुनर्वसनाचा. ॲट्रॉसिटी कायद्याच्या 2016 च्या सुधारित नियमांनुसार खून किंवा हत्याकांडातील पीडित कुटुंबाला आर्थिक मदतीशिवाय दरमहा 5000 रुपये मूळ निवृत्तिवेतन व त्यावर महागाई भत्ता, एकाला नोकरी, शेतजमीन आणि घर द्यायचे आहे. गरज पडल्यास सरकारने ते विकत घेऊन द्यावे, तेही घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. घर जाळले वा पाडले असेल, तर सरकारी खर्चाने पक्के घर मिळते. दलित-आदिवासीला घर किंवा गाव सोडायला भाग पाडणे हा याच कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे.

ही तीन महिन्यांची मुदत निकालाची वाट पाहत नाही. खैरलांजीत विशेष न्यायालयाने 2008 मध्ये आणि उच्च न्यायालयाने 2010 मध्ये आरोपींना खुनासाठी दोषी धरले, पण ॲट्रॉसिटी मान्य केली नाही. निकालावर विसंबून बसलो असतो, तर हाती काय आले असते?

कुटुंब संपले, गाव गप्प झाले, की घर पडते आणि त्याबरोबर साक्षही पुसली जाते. म्हणून कार्यकर्त्यांनो, पुढच्या घटनेत निषेध मोर्चाच्या निवेदनात एक मागणी जोडा : पीडितांच्या घराची आणि जमिनीची नोंद आजच तपासा, आणि पुनर्वसनाची तारीख लेखी द्या.

जय भीम!