वाटा कोणाचा, मुखत्यारी कोणाची?

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी टर्म शीट घेऊन घरी आला. स्टार्टअपमध्ये पैसा घालण्यापूर्वी गुंतवणूकदार आपल्या अटी ज्या कागदावर मांडतो, तो हा कागद. "सर, एक कोटी मिळताहेत आणि ऐंशी टक्के मालकी माझीच राहते," तो म्हणाला. मी त्याला पुढची पाने वाचायला लावली.

टक्केवारीचा हिशेब सोपा आहे. पैसा येण्यापूर्वी कंपनीची किंमत ४ कोटी धरली, तीत १ कोटी आला, एकूण ५ कोटी झाले. म्हणून गुंतवणूकदाराचा वाटा २० टक्के. हे कर्ज नव्हे. संस्थापकाने वैयक्तिक हमी दिली नसेल, तर धंदा बुडाल्यावर हा पैसा त्याच्याकडून वसूल होत नाही. तेव्हा गुंतवणूकदाराला सरसकट सावकार म्हणणे चूक. पण त्याच्या निधीतला पैसाही बहुतांशी दुसऱ्यांचा असतो आणि तो साधारण दहा वर्षांत वाढवून परत करायचा असतो. बऱ्याच कंपन्या बुडणार हे तो धरूनच चालतो. एकदोन कंपन्यांनी सगळे भरून काढावे लागते. त्याची घाई येथून येते.

खरी मेख अटींत असते. या कागदात कंपनी विकली गेल्यास गुंतवणूकदाराला आधी दुप्पट रक्कम, अशी अट होती. समजा, कंपनी २ कोटींना विकली. टक्केवारीने संस्थापकाचे १ कोटी ६० लाख होतात. पण अटीप्रमाणे दोन्ही कोटी गुंतवणूकदाराचे आणि ऐंशी टक्क्यांच्या मालकाच्या हाती शून्य! शिवाय नवे कर्ज, मोठी नेमणूक, स्वतःचा पगार, सगळ्याला गुंतवणूकदाराची लेखी संमती हवी. मालक नावाचा, मुखत्यारी दुसऱ्याची.

अशा अटी कोण मान्य करतो? ज्याला थांबणे परवडत नाही तो. प्रस्थापितांच्या मुलाला पहिले भांडवल काका-मामा देतात. तो धंदा उभा करून, किंमत वाढवून मग बाजारात जातो. आपल्या वस्तीत काका-मामा पोटाला चिमटा काढून फार तर फीचे पैसे देतात. म्हणून आपला मुलगा लवकर विकतो आणि स्वस्तात विकतो. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात रुजू होण्यापूर्वी बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. बाजार जात पाहत नाही असे सांगणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

२०१५ साली केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या उद्योजकांसाठी व्हेंचर कॅपिटल निधी सुरू केला. त्याचा लाभ जरूर घ्यावा. मात्र कागद तेथेही वाचावा. गुंतवणूकदार शत्रू नव्हे, सोयराही नव्हे. त्याच्याशी आपले नाते करारात लिहिले असेल तेवढेच.

विद्यार्थ्याने दुपटीऐवजी एकपट मागितली. ती मान्य झाली. संमतीच्या यादीवर बोलणी अजून चालू आहेत. पण आता तो सही करण्याची घाई करीत नाही.