चीनची भूक, डिचोलीची माती

गोव्याचं लोहखनिज हलक्या प्रतीचं. जुनं मोठं गिऱ्हाईक जपान. २००० नंतर चीनच्या पोलाद कारखान्यांमुळे भाव कडाडले आणि पूर्वी टाकाऊ ठरलेला मालही बार्जमधून मुरगाव बंदराकडे निघाला. एक टन खनिजामागे दोन-तीन टन माती उपसावी लागते. तिचे ढिगारे डिचोली, सांगे भागात वाढत गेले. पावसाळ्यात लाल गाळ ओहोळांतून थेट भातशेतीत. शेत बुडालेल्या कित्येकांनी ट्रक घेतले आणि तेच खनिज वाहिलं, हेही खरं. ऑक्टोबर २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खाणी थांबवल्या. २०१४मध्ये वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेवर परवानगी दिली, आणि २०१८मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरणच रद्द केलं.